जमीन पायाखाली नसताना



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांचा एक हट्ट गावात सगळ्यांना ठाऊक होता. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन झालं की त्याला लवकरात लवकर, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, ते वॉकर धरून उभं करायचे. नातेवाईक घाबरायचे. 'अजून चार दिवस पडू द्या की,' म्हणायचे. डॉक्टर ऐकायचे नाहीत. मीही तोल आणि चक्कर यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांवरच उपचार करतो, त्यामुळे त्यांच्या हट्टामागचं कारण मला रोज दिसतं. आज ते कारण मी तुम्हाला जरा लांबून, पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवरून दाखवणार आहे. जो माणूस महिनोन्‌महिने पायांवर उभाच राहत नाही, त्याच्या मेंदूचं काय होतं, हा आजचा विषय आहे.

2025च्या मार्चमध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स अवकाशातून परतल्या, ती दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. 286 दिवसांनी त्यांचं यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलं आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. कितीतरी घरांत लोक हळहळले. मला त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी विचारलं, 'त्यांना काही झालं नाही ना?' काही झालं नव्हतं. दीर्घ मोहिमेवरून आलेल्या प्रत्येकाला असंच बाहेर आणतात, तो नियमच आहे. पण नियम का करावा लागला, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

1970च्या जूनमध्ये सोयूझ-9 या सोव्हिएत यानातून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे दोघे जवळजवळ 18 दिवस राहून आले. तोवर इतका काळ कोणीच राहिलं नव्हतं. यान अरुंद होतं आणि व्यायामाला जागा बेताचीच. उतरल्यावर त्या दोघांना स्वतःच्या पायांवर चालता येईना. उचलून न्यावं लागलं, आणि पुढचे काही दिवस आपलं शरीर दुप्पट जड झालंय असं त्यांना वाटत राहिलं. मॉस्कोतले डॉक्टर हादरले. 18 दिवसांत ही अवस्था, तर अवकाशस्थानकात महिनोन्‌महिने राहायची स्वप्नं कशी पाहायची?

आता दुसरं साल घ्या, 1995. वालेरी पोल्याकोव, जे स्वतः डॉक्टर होते, मीर स्थानकावर सलग 437 दिवस काढून 22 मार्चला परतले. हा विक्रम अजूनही मोडलेला नाही. त्यांना एक गोष्ट सिद्ध करायची होती: मंगळापर्यंतच्या प्रवासाइतका काळ वजनाशिवाय काढल्यावरही माणूस उतरून कामाला लागू शकतो. म्हणून कॅप्सूलपासून जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत स्वतःला उचलून नेऊ दिलं नाही त्यांनी. ते अंतर ते चालले.

18 दिवसांनंतर उचलून न्यावी लागलेली माणसं, आणि 437 दिवसांनंतर चाललेला माणूस. मधल्या 25 वर्षांत काय बदललं? व्यायाम बदलला, हे सरळ उत्तर आहे आणि ते खरंही आहे. आजही आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर प्रत्येकाला रोज दोन तासांच्या वर व्यायाम करावा लागतो. खांद्या-कमरेला पट्टे बांधून, खाली ओढून धरलेल्या अवस्थेत ट्रेडमिलवर पळायचं, आणि वजन उचलल्यासारखा ताण देणाऱ्या यंत्रावर स्क्वॉट मारायचे. यामुळे स्नायू आणि हाडं बऱ्यापैकी टिकतात. पण एक गोष्ट नुसत्या व्यायामाने टिकत नाही, आणि मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. स्नायूंत ताकद असते, तरी तोल जातो. पायांत बळ आहे, पण ते कुठे आणि किती लावायचं याचा मेंदूचा हिशेब बदललेला असतो.

हा हिशेब कसा चालतो ते पाहू. आपल्या आतल्या कानात दोन प्रकारची यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळतंय ते सांगतात. आणि दोन छोट्या पिशव्या आहेत, ज्यांतल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसलेले असतात. डोकं कललं की हे कण स्वतःच्या वजनाने सरकतात, खालचे केस वाकतात, आणि मेंदूला कळतं की खाली म्हणजे कुठे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत असे कितीतरी असतात की त्यांचे हेच कण जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. अंथरुणावर कूस बदलली की त्यांना घर फिरताना दिसतं. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते कण परत जागेवर आणता येतात.

अवकाशात कण असतात, पण त्यांना वजन नसतं. डोकं कितीही कलवा, 'खाली' कोणतं हे ते सांगू शकत नाहीत. डोकं पुढे सरकलं तर मात्र जडत्वामुळे ते हलतातच. म्हणजे 'कलणं' या अर्थाने येणारा संदेश बंद होतो आणि 'सरकणं' या अर्थाने येणारा चालू राहतो. डोळे एक सांगतात, कान दुसरं. पहिले दोन-तीन दिवस सुमारे दोन तृतीयांश अंतराळवीरांना मळमळ, उलट्या, डोकं जड होणं असा त्रास होतो. 1984 साली राकेश शर्मा सोयूझ टी-11 मधून सॅल्यूट-7 वर गेले, तेव्हा त्यांनी तिथे योगासनं केली, ती वजनरहित अवस्थेच्या परिणामांवर काही उपयोग होतो का हे पाहण्यासाठी. नंतर त्रास थांबतो, कारण मेंदू कणांच्या संदेशाचा अर्थच नव्याने लावतो. आता हा संदेश फक्त सरकण्याचा, कलण्याचा नाही. माणूस पृथ्वीवर परतला की हा नवा अर्थ चुकीचा ठरतो. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला गेलं की आपण पुढे फेकले जातोय असं वाटतं.

मेंदूच्या आत गुरुत्वाकर्षण किती खोल मुरलेलं आहे, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. एप्रिल 1998 मध्ये कोलंबिया हे शटल 'न्यूरोलॅब' मोहिमेवर गेलं होतं, खास मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी. पॅरिसचे जोसेफ मॅकइन्टायर आणि आलँ बर्थोझ, रोमचे फ्रान्चेस्को लाकानिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मांडणी केली होती. अंतराळवीराच्या डोक्यावरून एक चेंडू खाली सुटतो आणि त्याने तो हातात झेलायचा. दंडाच्या स्नायूंची विजेची नोंद घ्यायची. पृथ्वीवर चेंडू खाली येताना वेग वाढवत येतो आणि हाताचे स्नायू बरोबर त्या क्षणाआधी आवळले जातात. शटलमध्ये चेंडू सुटला त्याच वेगाने शेवटपर्यंत येतो. अंतराळवीरांना हे माहीत होतं. चेंडू डोळ्यांसमोर होता. तरी त्यांचे हात वेळेआधीच तयार होत होते, जणू चेंडूचा वेग आत्ता वाढेल. डोळ्यांना वेगातली वाढ नीट मोजता येत नाही. ती उणीव मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो, आणि त्या अंदाजात पृथ्वीची ओढ आधीच धरलेली असते. पंधराव्या दिवशीही ही सवय पुरती सुटली नव्हती.

घरी आपल्यालाही हे दिसतं. भरलेली समजून रिकामी घागर उचलली की हात वर उडतो. आपण उचलण्याआधीच मेंदूने वजन गृहीत धरलेलं असतं. अवकाशात हे गृहीत प्रत्येक हालचालीत चुकतं, मग हळूहळू दुरुस्त होतं, आणि परतल्यावर दुरुस्त केलेलं पुन्हा चुकतं. भारताचे शुभांशु शुक्ला जुलै 2025 मध्ये अवकाशातून परतले, तेव्हा फोन हातात घेतल्यावर तो किती जड वाटला हे त्यांनी सांगितलं. आणि पलंगावर बसल्या बसल्या लॅपटॉप बंद करून त्यांनी तो बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल या खात्रीने. तो खाली पडला. हे सगळं जेमतेम वीस दिवसांच्या मोहिमेनंतर. कॅनडाचे क्रिस हॅडफिल्ड 2013 मध्ये पाच महिन्यांनी आले, तेव्हा त्यांना आपल्या ओठांचं आणि जिभेचं वजन जाणवत होतं. वजन नसलेल्या जिभेने बोलायला आपण नकळत शिकलो होतो, हे त्यांना पृथ्वीवर पहिले शब्द उच्चारताना कळलं. म्हणजे पाय, हात तर सोडाच, जीभसुद्धा नव्याने शिकते आणि पुन्हा नव्याने शिकते.

आता तळपायाकडे येऊ. या विषयावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे कमी लक्ष जातं. स्थानकावर राहणाऱ्या माणसाच्या टाचेची निबर कातडी काही आठवड्यांत सुटून पडते आणि तळवा लहान मुलासारखा मऊ होतो. उलट पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण एका जागी स्थिर राहायला तो पाऊल भिंतीवरच्या दांडीखाली अडकवतो. शरीराचा जमिनीशी संबंध पालथा होतो.

मॉस्कोच्या वैद्यकीय-जैविक समस्या संस्थेत इनेसा कोझलोव्स्काया या संशोधिकेने, जमिनीचा आधार सुटला की काय होतं, या प्रश्नाचा अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यांची पद्धत अशी: पाण्याच्या मोठ्या टाकीवर सैल, पाणी न झिरपणारं कापड घालायचं आणि माणसाला त्यात बुडवून ठेवायचं. तो ओला होत नाही, पण शरीराला कुठेच ठाम आधार लागत नाही. याला कोरडं निमज्जन म्हणतात. अशा अवस्थेत उभं राहण्यासाठी लागणाऱ्या पोटरीच्या आणि पायाच्या स्नायूंचा ताण काही दिवसांत, झपाट्याने उतरतो. स्नायू झिजायच्याही आधी. कोझलोव्स्काया यांचं म्हणणं असं की तळव्यावरचा दाब हाच 'उभं राहा' असा मेंदूला मिळणारा हुकूम आहे, तो थांबला की संस्था सैल पडते. मग त्यांनी बुटासारखं एक उपकरण वापरलं, ज्याच्या तळात हवा भरून टाच आणि बोटांमागचा भाग चालण्याच्या लयीत दाबला जातो. माणूस टाकीत निपचित पडलेलाच, पण तळवे 'चालत' असतात. तेवढ्यानेही पायाच्या स्नायूंचा ताण बराच टिकतो. ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पलंगाच्या कडेला बसवून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवणं, ही उपचाराची खरी सुरुवात आहे.

मग खुद्द मेंदूत काय दिसतं? 2017 साली साउथ कॅरोलिनाच्या डॉना रॉबर्ट्स आणि त्यांच्या गटाने नासाच्या अंतराळवीरांचे उड्डाणाआधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. सरासरी 165 दिवस राहून आलेल्या 18 जणांपैकी 17 जणांत मेंदूच्या वरच्या भागातली मधली खाच अरुंद झाली होती. दोन आठवड्यांच्या फेऱ्या करून आलेल्या 16 जणांपैकी फक्त तिघांत. दीर्घ मोहिमेच्या ज्या 12 जणांची याहून बारकाईने तपासणी केली, त्या सगळ्यांचा मेंदू कवटीत वर सरकलेला होता. पृथ्वीवर रक्त आणि शरीरातलं पाणी पायाकडे ओढलं जातं. तिथे ते डोक्याकडे जातं, म्हणून पहिल्या दिवसांच्या फोटोंत चेहरे सुजलेले आणि पाय काटकुळे दिसतात. मेंदू द्रवात तरंगत असतो. तो वर सरकतो, कवटीच्या शिखरापाशी दाटी होते आणि आतल्या पोकळ्या रुंदावतात. रशियन अंतराळवीरांच्या अभ्यासात या पोकळ्या सरासरी 11 टक्क्यांच्या वर मोठ्या झाल्या होत्या, आणि परतल्यावर सात महिन्यांनीही पूर्ववत झाल्या नव्हत्या. काहींची नजर बदलते, डोळ्याचा गोल मागून चपटा होतो, दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी सूज येते. जवळचं दिसेनासं होईल म्हणून काही जण जास्तीचा चष्मा घेऊनच जातात.

त्या अरुंद झालेल्या खाचेच्या पुढची पट्टी हालचालीचे हुकूम सोडते, मागची स्पर्श आणि स्थितीची खबर घेते. आणि या पट्ट्यांवर पायाची जागा कुठे आहे? अगदी वर, कवटीच्या शिखराशी. 2016 साली संशोधक रेचल साइडलर यांच्या गटाने 27 अंतराळवीरांच्या मेंदूची मापं घेतली, तेव्हा करड्या भागाचं आकारमान बऱ्याच ठिकाणी कमी दिसलं, पण नेमकं पायाच्या जागी वाढलेलं दिसलं. वाचल्याबरोबर मनात येतं की पाय नव्याने वापरायला शिकताना मेंदूचा तो भाग वाढला. मला हा अर्थ मोहक वाटतो, पण मी लगेच स्वीकारणार नाही. द्रव सरकला आणि मेंदू शिखराशी दाबला गेला, तरी चित्रात तिथला भाग दाट दिसेल. वाढ शिकण्याची की दाटीची, हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. 'अवकाशात मेंदू आकसतो' किंवा 'अवकाशात मेंदू वाढतो' असे मथळे वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा हा फरक वाचकाला सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

शिकण्याचा पुरावा मात्र दुसरीकडून मिळतो, वागण्यातून. कझाकस्तानच्या गवताळ माळावर सोयूझ उतरलं की जवळच तंबू उभारलेला असतो आणि काही तासांच्या आत चाचण्या सुरू होतात. खुर्चीवरून उठा. पालथे झोपा आणि उभे राहा. टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चाला, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. डोळे मिटले की चांगले चांगले कोलमडतात. पाय फाकवून चालतात, कोपऱ्यावर वळण मोठं घेतात, मान वळवली की धडपडतात. उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो, त्याचाही भाग यात असतो, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि सलाइन, दाबपट्टे यांनी बराच आवरतो. तोल आवरायला दिवस आणि आठवडे लागतात. साधारण महिनाभरात बहुतेक जण पूर्ववत होतात.

म्हणजे दोन घड्याळं चालतात. तोलाचं घड्याळ महिन्याचं, मेंदूतल्या पोकळ्यांचं कितीतरी वर्षांचं. साइडलर यांच्याच गटाने 2023 मध्ये 30 अंतराळवीरांची तुलना करून दाखवलं की आधीच्या उड्डाणाला तीन वर्षं झाली नसतील, तर पुढच्या वेळी पोकळ्या पुरेशा रुंदावत नाहीत, बहुधा त्या आधीच्या रुंदावण्यातून सावरलेल्याच नसतात. आणि बुद्धीचं काय? पोल्याकोव यांच्या मोहिमेत मनाची उभारी आणि कामाचा वेग पहिल्या तीन आठवड्यांत आणि परतल्यावरच्या दोन आठवड्यांत घसरला, मधला वर्षभराचा काळ स्थिर गेला. अमेरिकन अंतराळवीर स्कॉट केली 340 दिवस राहून आले, त्यांच्या चाचण्यांतला वेग आणि अचूकता परतल्यावर काही महिने खाली राहिली. एका-एका माणसावरून नियम काढता येत नाही, पण दोन्ही ठिकाणी कठीण काळ राहण्याचा नाही तर बदलाचा आहे, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

अवकाशात न जाताही यातलं बरंच तपासता येतं. जर्मनीत कोलोन इथल्या केंद्रात 2019 साली 24 निरोगी माणसं 60 दिवस पलंगावर झोपून राहिली. डोक्याची बाजू सहा अंशांनी खाली. जेवण, आंघोळ, सगळं आडवं. त्यांतल्या काहींना रोज अर्धा तास फिरत्या यंत्रात कृत्रिम ओढ दिली. अशा अभ्यासांतही उठल्यावर तोल बिघडलेला आढळतो, आतल्या कानाला काही झालेलं नसताना. पलंगावर पृथ्वीची ओढ असतेच, कणांना वजन असतंच. हरवलेली असते ती तळव्यांवरची जमीन. माझ्या ओपीडीत महिनाभर आजारपणात पडून राहिलेली बाई भिंत धरून येते, तपासणीत ताकद चांगली भरते, आणि ती म्हणते, 'पायांवर भरवसाच राहिला नाही हो.' तिची ही तक्रार आणि तंबूतल्या अंतराळवीराची अवस्था यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही फक्त ताकदीचे व्यायाम देऊन भागत नाही. वळून चालणं, मान फिरवत चालणं, मऊ गादीवर उभं राहणं, अंधारात उभं राहणं, अशा थोड्या धोक्याच्या गोष्टी कोणीतरी शेजारी उभं असताना पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

मंगळाचा प्रश्न मला इथेच सर्वांत अवघड वाटतो. तिथे जायला सहा ते नऊ महिने लागतात. उतरल्यावर पृथ्वीच्या 38 टक्के ओढ असेल, पण तंबू नसेल, स्ट्रेचर नसेल, हात धरायला कोणी नसेल, आणि पृथ्वीवरच्या डॉक्टरचा सल्ला पोहोचायला कधी कधी वीस मिनिटं लागतील. ज्या क्षणी तोल सर्वांत वाईट, त्याच क्षणी यान उतरवायचं, काही बिघडलं तर बाहेर पडायचं, जड पोशाखात शिडी उतरायची. म्हणून आसनं अशी हवीत की उतरताना मान वळवावी लागू नये, उतरणं स्वयंचलित हवं, आणि पहिले काही दिवस बाहेरचं काम वेळापत्रकातच नको. वाटेत यान फिरतं ठेवून कृत्रिम ओढ द्यावी की नाही, हा वाद अनेक वर्षं चालू आहे. खर्च आणि यंत्रणेची गुंतागुंत मोठी आहे हे मान्य करूनही, तो पर्याय इतक्या सहज बाजूला ठेवू नये असं माझं मत आहे.

आपल्याकडे गगनयानची पहिली उड्डाणं मोजक्या दिवसांची असतील, त्यांत मेंदू फारसा वर सरकण्याइतका वेळ बहुधा नाही. पण 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं भारताने ठरवलंय. पृथ्वीभोवती फिरून आलेली माणसं जगात सातशेहूनही कमी आहेत आणि त्यांतली बहुतेक अमेरिकन किंवा रशियन. बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत उमेदवारांची निवड होते, त्याच वेळी प्रत्येकाचा एमआरआय, डोळे मिटून चालण्याची चाचणी आणि आतल्या कानाची तपासणी यांची सविस्तर नोंद व्हावी, दर वर्षी परत व्हावी, आणि उड्डाणाला निवड न झालेल्यांचीही व्हावी, कारण वयाने मेंदूत होणारा बदल वेगळा काढायला तीच माणसं लागतील. हे काम आत्ता सुरू केलं, तर पहिल्या दीर्घ मोहिमेवरून कोणी परतेल तेव्हा तुलनेला त्याच्याच मेंदूची दहा वर्षांची नोंद आपल्या हाताशी असेल.